ऐंशी माणसांचा पगार

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आठवं प्रकरण पुण्याच्या छापखान्यात पोचलं नाही, तर सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी बाबांच्या हातात पुस्तक पडणार नाही, हे निशांतनं नोएडाहून आल्यापासून इतक्या वेळा सांगितलं की त्याच्या आत्या गोदूबाई शेवटी वैतागल्या. “अरे, मला एकदा सांगितलेलं कळतं. शहाऐंशी वर्षांची आहे मी, बहिरी नाही.”

तो मंगळवार होता. जानेवारीत झाशीचं ऊन दहाच्या आधी काही अंगाला लागत नाही, म्हणून कॉलनीतल्या त्या घराच्या गच्चीवर चटई टाकली होती. चटईवर गोदूबाई, पुढ्यात नऊ वह्या, हातात भिंग. शेजारी निशांतची मुलगी शर्वरी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. आत्याआजीनं वाचायचं आणि नातीनं टाइप करायचं, अशी वाटणी ठरली होती. दुसरा इलाजच नव्हता. श्रीकृष्णराव पोतनिसांनी आयुष्यभर पहिला खर्डा मोडीत लिहिला. त्या जुन्या दप्तरी लिपीत हात उचलावा लागत नाही, विचार सुटत नाही, असं ते म्हणत. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना डोकावता येऊ नये, हाही त्यात हिशेब होताच, पण तो ते सांगत नसत. पहिली सात प्रकरणं त्यांनी स्वतः देवनागरीत उतरवून दिली होती. आठवं राहिलं होतं. नऊ वर्षं ते “चालू आहे” होतं. आता त्यांच्याच्यानं उतरवणं होईना, आणि मोडी वाचणारं घरात दुसरं माणूस म्हणजे ही थोरली बहीण. वडील किसनला, म्हणजे श्रीकृष्णरावांना, शिकवायला बसले की ती मटार सोलत शेजारी बसायची. तिला मुद्दाम कुणी शिकवलं नव्हतं, पण ती शिकली. लग्न होऊन मऊरानीपुरात शाळामास्तरांच्या घरी गेली तरी विसरली नाही.

पुस्तकाचा विषय ऐकून माणसं गप्प व्हायची. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या सुरुवातीच्या फौजेला शिधा कोण पुरवायचं आणि पगार कोण द्यायचं! झाशीच्या माणसाला ही कुठली उठाठेव? श्रीकृष्णरावांचं उत्तर तयार असे. “आम्ही पोतनीस. आमच्या पूर्वजांनी इथं फौजेला पगार वाटले. खजिना रिकामा असताना समोर उभा राहिलेला शिपाई कसा बघतो, ते मला कुणी सांगायला नको.” अमेरिकेला ते कधी गेले नाहीत. पस्तीस वर्षं पत्रं लिहिली, झेरॉक्स मागवल्या, दिल्लीच्या वाचनालयांत सुट्ट्या घालवल्या.

“वाचा ना आत्याआजी,” शर्वरी म्हणाली.

“‘सन सतराशे चौऱ्याऐंशीच्या जून महिन्यात त्या नव्या देशाच्या फौजेत ऐंशी माणसे उरली होती.’”

शर्वरीची बोटं थांबली. “ऐंशी हजार?”

“ऐंशी. नुसती ऐंशी.”

“नीट बघा ना. इतनी बड़ी जंग जिंकलेल्या देशाची आर्मी, आणि अस्सी लोग?”

“मी काय माझ्या पदरचं सांगतेय? पुढे ऐक. ‘पंचवीस एका किल्ल्यावर, पंचावन्न दुसऱ्यावर. उरलेला दारूगोळा आणि सामान राखणे हे त्यांचे काम. बाकीच्यांना घरी पाठवले होते, आणि पाठवताना बहुतेकांच्या हातात रोकड पडली नाही. पुढे पैसे मिळतील असा सरकारने लिहून दिलेला कागद पडला. घरी जाणाऱ्या माणसाला वाटेत जेवावे लागते. त्याने तो कागद व्यापाऱ्याला विकला. रुपयाला दोन आणे, तीन आणे, जे मिळेल त्याला.’”

“मतलब, लढाई जिंकली आणि पगारच नाही?”

“तुझा आजोबा पस्तीस वर्षं हेच सांगतोय. जेवताना ऐकलंय कुणी?”

शर्वरी ओशाळली. खरंच ऐकलं नव्हतं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आली की आजोबा ‘कंत्राटदार’ म्हणाले रे म्हणाले, की ती आणि पापा एकमेकांकडे बघून हसायचे.

जिन्यात पावलं वाजली. श्रीकृष्णरावांच्या पत्नी अनुसूयाबाई चहा घेऊन वर आल्या. शहात्तर वर्षं, पण जिना चढताना कठड्याला हात लावणार नाहीत. रेल्वेच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या आणि अजून बिछान्याची चादर त्याच पद्धतीनं दुमडत. “जरा हळू बोला हो वन्सं. खाली आवाज जातोय. ते लिहितायत.”

“अगो, साडेदहा वाजले. नऊपर्यंतच लिहितो ना तो?”

“आज उठले नाहीत अजून. लागली असेल तंद्री.” सहा ते नऊ ही त्या घरातली सोवळ्याची वेळ. त्या वेळात मिक्सर लावायचा नाही, फोन उचलायचा नाही, भाजीवाल्यानं हाक मारायची नाही. भाजीवाल्यालाही हे ठाऊक होतं. “कुठवर आलं?” अनुसूयाबाईंनी विचारलं. विचारताना त्या वह्यांकडे बघत होत्या, गोदूबाईंकडे नाही.

“चौथं पान. छान लिहिलंय गं.”

“माझी एकच इच्छा आहे वन्सं. त्यांनी ते पुस्तक एकदा हातात धरावं. मग माझं काही म्हणणं नाही.” असं म्हणून त्या लगेच खाली गेल्या. एवढं बोलल्याचाही त्यांना संकोच वाटला असावा.

*

बुधवारी दुपारी पहिली वही संपली.

खरं सांगायचं तर गोदूबाईंना दोन दिवसांत भाऊ नव्यानं भेटला होता. किसन बोलायला लागला की कंटाळा आणायचा, पण लिहिताना हा माणूस वेगळाच. शिपायाचा महिन्याचा पगार तीन डॉलर, त्यातून कपड्यांचे नव्वद सेंट आणि औषधांचे दहा सेंट कापून हातात दोन, हे सांगून तो पुढे विचारत होता की या दोनमध्ये तो घरी काय पाठवत असेल. सर्वांत कमी भावात एका माणसाचं एका दिवसाचं पोट भरून देईन म्हणेल त्याला शिध्याचं कंत्राट मिळे, आणि मग ते पोट कसं भरलं जाई, हे त्यानं दोन पानं लिहिलं होतं. सतराशे एक्क्याण्णवच्या मोहिमेत गळके तंबू, फाटके बूट, बंदुकीची खराब दारू, लांबलेला पगार. आणि एका जागी लिहिलं होतं, “छावणीबरोबर कपडे धुणाऱ्या बायका असत. शिध्यातला वाटा त्यांनाही मिळे. त्यांची नावे मला फार थोडी सापडली, याचे वाईट वाटते.” तिथं गोदूबाईंनी चष्मा काढून पुसला होता.

शेवटच्या पानावर त्या अडखळल्या.

“काय लिहिलंय?” शर्वरीनं विचारलं.

“‘येथे आठवे प्रकरण व हा ग्रंथ पुरा झाला. झाशी, तेरा मार्च दोन हजार सोळा.’”

“पुरा? मग बाकीच्या आठ वह्या कशाच्या?”

“असतील टिपणं. किंवा नववं प्रकरण काढलं असेल, कुणाला न सांगता. तो तसाच आहे.” गोदूबाईंनी दुसरी वही ओढली. “तू जा, जेवून घे. आणि खाली काही बोलू नको एवढ्यात. मी बघते आधी.”

शर्वरी गेली. गोदूबाईंनी भिंग धरलं.

‘सन सतराशे चौऱ्याऐंशीच्या जून महिन्यात त्या नव्या देशाच्या फौजेत ऐंशी माणसे उरली होती.’

बरं, त्यांनी मनाशी म्हटलं, स्वच्छ प्रत केली असेल. पुढची पानं चाळली. तेच शब्द, थोडे मागेपुढे. शेवटी तीच ओळ, ग्रंथ पुरा झाला, फक्त साल पुढचं. तिसरी वही उघडली. ऐंशी माणसे उरली होती. हीही पुरी, पण बायकांचा परिच्छेद यात नव्हता. चौथी. ऐंशी माणसे. ही सतराव्या पानावर तुटली होती. पाचव्या वहीत तीन डॉलरमधून एक वजा करून चार वेळा चार वेगळी उत्तरं काढली होती आणि चारही खोडली होती. त्यांना थांबावंसं वाटलं आणि त्या थांबल्या नाहीत.

मोडी लिहिताना आधी पानभर वरच्या रेघा आखून घेतात, मग त्या रेघांना धरून अक्षर चालतं. वडिलांनी लावलेली सवय. नवव्या वहीत पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पानावर रेघा होत्या, पट्टीनं आखाव्यात इतक्या सरळ. पण रेघेखाली एकच वाक्य होतं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटच्या दहा पानांत आकडा सुटला होता. ‘त्या नव्या देशाच्या फौजेत’, मग मोकळी जागा, मग ‘माणसे उरली होती’. किती, ते आठवेना, म्हणून जागा सोडलेली. नंतर भरू म्हणून.

“किसन रे,” गोदूबाई मोठ्यानं म्हणाल्या. गच्चीवर कुणी नव्हतं. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या तेवढ्या होत्या.

शर्वरी जेवून वर आली तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. तिला वाटलं, चक्कर आली. “आत्याआजी! क्या हुआ?”

“बापाला बोलाव,” गोदूबाई म्हणाल्या. “एकट्याला. आजीला कळू देऊ नको.”

*

निशांतला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि तो भडकला. दुःख झालं की भडकायचं, ही त्याची लहानपणापासूनची रीत.

“म्हणजे नऊ वर्षं? नऊ वर्षं बाबा एकच प्रकरण परत परत लिहितायत आणि कुणाला पत्ता नाही?”

“हळू बोल.”

“कशाला हळू बोलू? तीन वर्षांपूर्वी मी गाडी घेऊन आलो होतो आत्या. म्हटलं, दोघं चला नोएडाला, बाबांना दाखवून घेऊ, नावं विसरतायत. आई काय म्हणाली? ‘जो माणूस रोज तीन तास लिहितो त्याला काय झालंय?’ आणि तू फोनवर आईची बाजू घेतलीस. म्हणालीस, किसनला त्याच्या टेबलावरून उठवू नका.”

“म्हणाले होते,” गोदूबाई म्हणाल्या. “तेव्हा मला तसंच वाटलं. दर दिवाळीला मी या घरात येत होते, या वह्या कपाटात दिसत होत्या. एक उघडली असती तर मला दोन ओळींत कळलं असतं. दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं, मला कळलं असतं. पण भावाच्या कागदांना न विचारता हात लावायचा नाही, हे आमच्या वडिलांचं. ते मी पाळलं. आता बोल मला काय बोलायचं ते.”

निशांत आत्यावर ओरडायच्या बेतात होता, पण तिनंच सगळं आपल्यावर घेतल्यावर ओरडायला काही उरलं नाही. तो चटईवर बसला.

“पण आई नर्स होती,” तो हळू म्हणाला. “तीस वर्षं. तिला नाही कळलं?”

“पापा, आपण तरी काय केलं?” शर्वरी म्हणाली. “फोन पे पूछते थे, आजोबा कसे आहेत? आजी म्हणायची, लिहितायत. आपण म्हणायचो, अच्छा है. ख़तम.”

“तू मध्ये बोलू नको.”

“बोलू दे तिला. खरं तेच बोलतेय.”

मग निशांत उठला आणि कामाला लागल्यासारखा बोलू लागला. पहिली वही पुरी आहे. शर्वरीनं टाइप केलीय. ती आज रात्रीच छापखान्याला जाईल, पुस्तक वेळेवर येईल. समारंभ झाला की आपण बाबांना दाखवू. आईला मात्र सांगायचं नाही. म्हणायचं, नऊ वह्या मिळून एक प्रकरण झालं.

“म्हणजे तिच्याशी खोटं बोलायचं,” गोदूबाई म्हणाल्या.

“तिला काय सांगू मग? की पुस्तक नऊ वर्षांपूर्वीच झालं होतं? तेव्हा छापलं असतं तर बाबांना कळलं असतं, हे माझं पुस्तक? हे ऐकून ती उभी राहील?”

“मी तिला तुझ्याआधीपासून ओळखते. ती उभी राहील.”

“नाही, आत्या. या वेळी माझं ऐक.”

“मला पण वाटतं सांगावं,” शर्वरी म्हणाली. “उनका हक़ है.”

तेवढ्यात निशांतचं तोंड जिन्याच्या दाराकडे वळलं आणि तसंच राहिलं. अनुसूयाबाई दारात उभ्या होत्या. हातात मटारची परात होती. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

“कोणती तारीख आहे?” त्यांनी विचारलं.

“आई, बस आधी.”

“वन्सं, पुरा झाला लिहिलंय ना, त्याच्याखाली तारीख कोणती?”

गोदूबाईंनी सांगितली. तेरा मार्च, दोन हजार सोळा.

“रविवार होता,” अनुसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी परात खाली ठेवली आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. “साडेसातला बाहेर आले. नऊच्या आधी ते कधी उठत नसत, म्हणून लक्षात राहिलं. मी दूध तापवत होते. म्हणाले, ‘अनु, संपलं.’ हसत होते. मी म्हटलं, संपलं कसं? सातव्या प्रकरणाच्या वेळी तीनदा संपलं म्हणालात आणि तीनदा परत लिहिलंत. जा, पुन्हा पहिल्यापासून नीट बघा, आणि नऊपर्यंत उठू नका. आणि ते गेले. मुकाट्यानं गेले, वन्सं. एक शब्द बोलले नाहीत. खोलीचं दार लावून घेतलं.”

अनुसूयाबाईंनी परात जवळ ओढली.

“त्यानंतर त्यांनी संपलं म्हणून कधी सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही.”

“अगो, परत लिहायला पाठवलं म्हणून कुणाला असला आजार होतो का?” गोदूबाई सरकत तिच्याजवळ आल्या. “त्याचं डोकं तेव्हाच थकायला लागलं असेल. तुझा काय दोष?”

“होत नाही, मला माहीत आहे. नर्स आहे मी.” अनुसूयाबाई परातीतल्या शेंगा विनाकारण सारख्या करत होत्या. “निशांत विचारतोय ना, मला कळलं नाही का? कळत होतं रे. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, तेव्हा कळत होतं. बँकेत सही करताना माझ्याकडे बघायचे, तेव्हा कळत होतं. वॉर्डात असे किती पाहिलेत मी. पण सकाळी सहाला ते टेबलाशी बसत, रेघा आखत, आणि पेन चालायला लागायचं. दारातून मला ते अक्षर दिसायचं. इतकं सुंदर, एका ओळीत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मला वाटायचं, हा हात चालतोय तोवर सगळं ठीक आहे. मी घरात मिक्सर लागू दिला नाही. त्यांना जपते आहे असं वाटायचं मला. नऊ वर्षं मी राखण करत बसले, निशांत, आणि आत काय चाललं होतं!”

तेव्हा त्या रडल्या. मोठ्यानं रडल्या, पदर तोंडाला लावायचंही सुचलं नाही. निशांतनं आईला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्या पायाशी बसून “आई, आई” एवढंच म्हणत राहिला आणि मघाशी आपण काय काय बोललो, त्याची त्याला लाज वाटत होती. शर्वरीनं मटारची परात बाजूला केली आणि आजीचा हात धरला. गोदूबाईंना रडू येईना. त्यांनी नऊही वह्या एकावर एक नीट रचल्या, परत पसरल्या, परत रचल्या.

बऱ्याच वेळानं अनुसूयाबाईंनी डोळे पुसले. “पहिली वही पुरी आहे ना? टाइप झालीय?”

“हो आजी.”

“मग पाठवून द्या. शुक्रवारची वाट कशाला बघायची? आणि निशांत, तू तो तुझा डॉक्टर म्हणत होतास, त्याची वेळ घे. समारंभाच्या आधीची मिळाली तर आधीची घे.”

“समारंभ करायचा?”

“का नाही? एक्याऐंशी वर्षांचा माणूस आहे. हजार चंद्र बघून झालेत त्याचे. ते काही तो विसरला म्हणून कमी होत नाहीत.” त्या उठल्या. “मी जरा त्यांच्याकडे जाऊन येते.”

“मी येऊ बरोबर?” गोदूबाईंनी विचारलं.

“नको वन्सं. एवढं मी बघते.”

*

दुपारचे तीन वाजले होते आणि श्रीकृष्णराव टेबलाशी बसले होते. दहाव्या वहीचं पान समोर होतं. पट्टी न लावता ते रेघ आखत होते, डावीकडून उजवीकडे, श्वास रोखून. अनुसूयाबाई रेघ पुरी होईपर्यंत दारात थांबल्या. मग आत गेल्या. लिहीत असताना त्या या खोलीत कधी गेल्या नव्हत्या.

“झालं तुमचं पुस्तक,” त्या म्हणाल्या. “पुरं झालं. छापायला चाललंय.”

त्यांनी वर पाहिलं. चेहरा नेहमीसारखा शांत, नीट दाढी केलेला. दाढी सकाळी अनुसूयाबाईंनीच करून दिली होती. “छे, छे,” ते म्हणाले. “पगार व्हायचाय अजून. माणसं थांबलीत.”

“किती माणसं?”

ते पानाकडे बघू लागले. रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांच्या तोंडावर भीती आली, शाळेत उत्तर न आलेल्या मुलाची असते तशी. “आहेत बरीच,” ते म्हणाले. “उभी आहेत केव्हाची.”

अनुसूयाबाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या. “ऐंशी होती. मी आत्ता बघून आले. सगळ्यांना मिळाला पगार.”

“पुरता?”

“पुरता. कुणाचं काही राहिलं नाही.”

“आणि त्या बायका?”

“त्यांनाही.”

दवाखान्यात त्यांनी कितीतरी खाटांशी बसून असं काहीबाही सांगितलं होतं. घरी कधी सांगितलं नव्हतं. श्रीकृष्णरावांचे खांदे खाली आले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली, वहीवर हात ठेवून जरा वेळ बसले. मग अगदी अदबीनं विचारलं, “मग मी घरी जाऊ?”

हेच घर हो तुमचं, असं अनुसूयाबाईंच्या ओठांवर आलं होतं. एकोणचाळीस वर्षं आपण इथंच राहतोय, या भिंतीचा रंग तुम्ही निवडलाय. पण तो माणूस इतका दमलेला दिसत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

“चला,” त्या म्हणाल्या. “मी सोडते तुम्हाला.”

त्यांनी श्रीकृष्णरावांना स्वेटर घातला, मफलर गुंडाळली, बूट दिले. निशांत जिन्यात बसला होता, तो उठायला लागला. त्यांनी हातानंच त्याला बसवलं. दोघं फाटकाबाहेर पडली. कॉलनीच्या बागेला वळसा घालून, पाण्याच्या टाकीपर्यंत, मग परत. श्रीकृष्णराव बरोबर चालत होते, वाहन आलं की बाजूला होत होते. समोरून शर्माजी आले. “नमस्ते प्रोफ़ेसर साहब! किताब कब आ रही है?”

“बस, आ ही गई जी,” श्रीकृष्णराव हसून म्हणाले. शर्माजी खूश होऊन गेले. लोकांना कळणार तरी कसं, अनुसूयाबाईंच्या मनात आलं. मला तरी कुठं कळू दिलं मी.

परत फाटकाशी आल्यावर ते थांबले. कडी त्यांनीच काढली, न बघता, नेहमीच्या हातानं. मग बाजूला होऊन त्यांनी बायकोला वाट करून दिली.

“तुम्हाला उगाच इतक्या लांब यावं लागलं,” ते म्हणाले. “या ना आत. चहा घेऊन जा. आमची अनु आहे घरात, फार छान करते.”

अनुसूयाबाई फाटकाला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. “हो,” त्या म्हणाल्या, “येते.”

त्या आत गेल्या आणि तशाच स्वयंपाकघरात शिरल्या. गॅस पेटवला, दोन कपांचं पाणी ठेवलं, आलं किसायला घेतलं. बाहेरच्या खोलीतून आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्यांनी नावानं हाक मारली होती.

“अनु, ऐकलंस का? पाहुण्या आल्यात. मला घरी सोडायला आल्या होत्या बिचाऱ्या.”

“हो, कळलं,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “टाकलाय चहा.”